गादी

सकाळी पावणेनऊला टेकडीवरच्या इस्पितळातून डबी येते,
बर्फात रुतवलेली, झाकणावर चिकटपट्टी :
पुरुष, सत्तेचाळीस, कमरेचा चौथा-पाचवा मणका.
नाव नसतं. विचारायचंही नसतं.
मी सही करते, वेळ लिहिते
आणि चिमट्यानं उचलते
शेफील्डमधल्या कुणाच्या तरी कमरेतली गादी.

इथं तिला डिस्क म्हणतात. ताटलीसारखं, कोरडं.
मला आपला शब्द बरा वाटतो.
गादीत काहीतरी भरलेलं असतं
आणि भरलेलं कधीतरी दबतं.

चांगली असते तेव्हा आतून ताडगोळा :
पारदर्शक, लुसलुशीत, बोटाखालून सटकणारा.
ही पिवळी.
चावून टाकलेल्या उसाचा चोथा.

आत रक्त पोचत नाही. मोठ्या माणसात तर नाहीच.
वरच्या-खालच्या हाडांतून झिरपेल तेवढ्यावर
तिथल्या पेशी दिवस काढतात,
लांब लांब, एकेकट्या,
शहराबाहेरच्या माळावर बसमधून दिसतात ना
मेंढ्यावाल्यांची घरं, तशा.
बोलायचं तर हाकच मारावी लागते.

हाक म्हणजे एक रेणू. इंटरल्यूकिन त्याचं नाव.
एका पेशीवर ओझं पडलं, ती घाबरली,
तिनं निरोप धाडला.
शेजारणीनं ऐकला
आणि नीट कळायच्या आत पुढं धाडला,
थोडा मोठा करून.
कराडला मावशीला चक्कर आली तेव्हा
आमच्या ग्रुपवर हेच झालं होतं.
दुपारपर्यंत तिघांनी तिला आयसीयूत नेलं,
आणि ती ओट्याशी उभी राहून
वांगी चिरत होती.

पण इथं निरोपाबरोबर कात्र्याही निघतात.
पाणी धरून ठेवणारं जाळं
ही विकरं कापत सुटतात.
निघालेली असतात दुरुस्तीलाच :
मोडकं काढायचं, नवं विणायचं.
काढणं होतं. विणणं राहून जातं.
पाणी जातं, पाण्याबरोबर उंची जाते,
मग चिरांमधून आत शिरतात मज्जातंतू.
जिथं दुखणं कधी ठाऊकच नव्हतं
तिथं दुखायला कुणीतरी येऊन राहतं.

पहिली दोन वर्षं मी शत्रू शोधत होते.
जंतू सापडला नाही, दाखवता येईल अशी जखमही नाही.
घरचीच माणसं होती,
एकमेकांना सावध करता करता
घर पाडत असलेली.

लहानपणी दारावर पिंजारी यायचा,
तार टणत्कारत. अंगणभर कापूस उडायचा,
आई ओरडायची,
आणि रात्री गादी इतकी फुगलेली
की झोपच यायची नाही.
या गादीला पिंजारी नाही.
मी एक थेंब शोधते आहे फक्त,
हाक मारणारीच्या तोंडावर
हलकेच हात ठेवणारा.
हलकेच. पार गप्प केलं तर
दुरुस्तीची हाकही बंद होते.
किती हलके, ते अजून जमलेलं नाही.

गेल्या मंगळवारी डबीच्या बुडाशी
संमतीपत्राचं एक पान चिकटून आलं, चुकून.
नाव काळं केलेलं. काम : गोदाम, रात्रपाळी, अकरा वर्षं.
आणखी काही सांगायचं आहे का, या चौकोनात
निळ्या बॉलपेननं, उतरत्या ओळीत :
उरलंसुरलं परत नको.
मुलगी सात महिन्यांची असताना तिला शेवटचं उचललं,
आता ती चार वर्षांची आहे.
कुणाला उपयोग झाला तर बघा.

नियमाप्रमाणे मी ते पान आयलीनकडे दिलं.
तिनं चष्मा कपाळावर सरकवून वाचलं,
घडी घातली, परत उलगडली,
आणि मशीनमध्ये बारीक करायला टाकलं.

चोथ्याचे सहा तुकडे केले.
तिघांवर थेंब, तिघांवर नुसतं पाणी.
सदतीस अंश, प्राणवायू कमी,
जितका त्याच्या कमरेत मिळत असेल तितकाच.
दार लावलं.
काचेवर कान ठेवून काही ऐकू येत नाही,
तरी ठेवला.

पेनाचं टोपण खाली पडलं होतं.
ते उचलताना मी गुडघ्यात वाकले, कमरेत नाही.
हल्ली असंच वाकते.